मावशीचा पुढचा शब्द

माझ्या मावशीने आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवले. नाटक कंपनीत ती प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता उघडून ठेवायची आणि नट अडला की पुढचा शब्द अशा बेताने सांगायचा की तो नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. काम चोख झालं तर कोणी नाव घेत नाही, चुकलं तर खापर तिच्या डोक्यावर. असलं काम पत्करणारा माणूस एक तर साधू असावा नाहीतर मठ्ठ. मावशी दोन्ही नव्हती. तिला अडलेला माणूस बघवत नसे, एवढंच.

कंपनीबाहेरही तेच. डॉक्टर औषधाचं नाव आठवत थांबले की ही सांगून मोकळी. एकदा शेजारीण भांडायला आली आणि रागाच्या भरात तिला नेमकी शिवी सुचेना, तर मावशीने तीही हळूच सांगितली. शेजारणीने ती घेतली आणि भांडण पुढे चालू ठेवलं. या गुणावरून मामा तिला 'कुजबुज' म्हणायचा.

मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली आणि मावशीनेच त्याला वाढवलं. शाळेत कविता म्हणायला उभा राहिला की ही वर्गाच्या खिडकीबाहेर उभी. पुढे माझी आई, म्हणजे त्यांची मधली बहीण, गेली आणि मीही या दोघांच्या पदरात पडले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आत एक शिलाई मशीन, एक पेटी आणि आम्ही तिघं. मामा कंपनीचा मुख्य विनोदी नट होता, मावशी विंगेत आणि मी कपडेपटात. सगळं घरच नाटकाच्या नादी लागलेलं, मग कोण कोणाला अक्कल शिकवणार?

आमची कंपनी जुनी हलकीफुलकी संगीत नाटकं करायची. मिशांचे राजे, विसरभोळे प्रधान, चुकीच्या बाईला गेलेल्या चिठ्ठ्या. आमच्या पणज्या ज्याला हसल्या त्याला आता कोण हसणार? थिएटरात प्रेक्षकांपेक्षा खुर्च्यांचे ढेकूण जास्त. मालक तर थिएटर लग्नांना भाड्याने देण्याच्या गोष्टी करायला लागले होते. तेव्हा मामाने डोकं लढवलं. चाली जुन्याच ठेवायच्या, कथा जुनीच ठेवायची, फक्त गाण्यांतले दोन-चार शब्द असे बदलायचे की मिशांच्या राजाच्या जागी लोकांना आपला रोजचा राजा दिसावा. "शब्द जितके कमी बदलू तितकं जास्त झोंबतं," असं तो म्हणायचा. स्वयंपाकघरात बसून तो शब्द बदलायचा आणि मावशी ते तालात बसतात का ते ओठांवर म्हणून बघायची.

यात सगळ्यात गाजलं ते 'सरकारांचं घड्याळ'. एका चिमुकल्या राज्यात मनोऱ्यावर मोठं घड्याळ आहे आणि त्याला चावी देणारा घड्याळजी आहे. राणीसाहेबांना उशिरापर्यंत झोपायची सवय, म्हणून त्याने काटा धरून ठेवायचा आणि सकाळ होऊच द्यायची नाही. मूळ गाणं असं होतं:

किती वाजले, किती वाजले, सांग घड्याळजी भाऊ?
राणीसाहेब निजल्या अजून, टोला कसा मी देऊ?
काटा धरतो बोटाने अन् चावी धरतो उराशी,
पहाट आली भेटायाला, थांबवतो मी दाराशी!

गोड आहे, निरुपद्रवी आहे. तपासणी कार्यालयाने हीच संहिता शिक्का मारून मंजूर केलेली होती. पण त्या वर्षी आमच्या मोठ्या साहेबांची खुर्चीवरची मुदत संपली आणि साहेब काही उठले नाहीत. आधी म्हणाले परिस्थिती नाजूक आहे, मग म्हणाले तयारी व्हायची आहे, मग काही म्हणायचंच बंद केलं. मामाने राणीसाहेबांच्या जागी साहेबांना बसवलं, निजण्याच्या जागी खुर्ची आणली आणि शेवटची ओळ अशी केली:

मुदत आली भेटायाला, तिला गाडली दाराशी!

ही ओळ म्हणण्याची मामाची एक पद्धत होती. 'चावी धरतो उराशी' म्हणून तो थांबायचा. मी शिवलेल्या पितळी बटणांच्या कोटावर ती भलीमोठी चावी दाबून धरायचा आणि चोरासारखा इकडेतिकडे बघायचा. पेटीवाला सूर धरून ठेवायचा. मागच्या रांगेत खुसखुस सुरू व्हायची, ती पुढे सरकत यायची आणि सगळं थिएटर फुटायच्या बेताला आलं की मामा ओळ सोडायचा. असा हशा पडायचा की ओळीचा शेवट कोणालाच ऐकू येत नसे. मग 'वन्समोअर', आणि मामा तीच ओळ पुन्हा.

त्या थांबण्यात मावशीने कधीही शब्द दिला नाही. तिची सगळी हुशारी तिथे होती. थांबलेल्या नटाला शब्द दिला तर गंमत मेली, विसरलेल्याला नाही दिला तर नट मेला. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. एकदा ती तापाने पडली आणि मालकांचे जावई स्टुलावर बसले. त्यांनी नेमकं त्या थांबण्यात कोकलून "मुदत!" दिलं. मामा प्रयोगानंतर त्यांच्या मागे चावी घेऊन धावला होता. मावशीला मात्र मामा कधी थांबलाय आणि कधी विसरलाय हे अचूक कळायचं. कसं कळतं, असं मी कितीदा विचारलं. "धंद्याचं गुपित आहे," म्हणायची. मामालाही तिने कधी सांगितलं नाही.

मामाचंही एक होतं. मावशीच्या तोंडून आलेला शब्द तो विचार न करता घ्यायचा. एकदा तिने चुकून पानं जास्त उलटली आणि दुसऱ्या अंकात तिसऱ्या अंकातला शब्द दिला. मामाने तो घेतला आणि प्रेमपत्र पोहोचायच्या आत लग्न लावून टाकलं. आम्ही आठवडाभर हसत होतो.

हसायचे दिवस तेवढेच होते. त्या गाण्याची चाल थिएटरबाहेर पडली. दुकानांच्या रांगेत कोणीतरी शीळ घालायचं आणि सगळी रांग खाली मान घालून हसायची. शब्द कोणीच म्हणत नसे. मोठ्या साहेबांची गाडी चौकातून जाताना गर्दीतून ती शीळ आली आणि आमचं नशीब फिरलं. भरदुपारी तालमीच्या वेळी माणसं आली आणि मामाला कोटासकट घेऊन गेली.

वकील शहाणा होता. तो म्हणाला, घाबरू नका, त्यांच्याकडे पुरावा नाही. प्रेक्षकांत बसून त्यांनी जे ध्वनिमुद्रण केलं होतं त्यात नेमक्या त्या ओळीवर नुसता हशा होता. आमचं म्हणणं साधं होतं: नटाने मंजूर शब्दच म्हटले, लोकांना दुसरे ऐकू आले तर त्याला नट काय करणार? तपासणी कार्यालयाने मामाला सुनावणीपर्यंत घरी सोडलं आणि निरोप दिला की त्या दिवशी त्याने ते गाणं सुनावणीच्या साहेबांसमोर म्हणून दाखवायचं. कागद न बघता. प्रत्येक प्रयोगात हेच शब्द म्हणत असेल तर ते पाठ असणारच, असा त्यांचा हिशोब होता. हिशोब बिनचूक होता आणि इथेच आम्ही अडकलो, कारण मामाने ते मूळ शब्द आयुष्यात कधी गायलेच नव्हते. ही भूमिका तो करायला लागला तीच बदललेल्या शब्दांनी. मूळ शब्द माहीत होते मावशीला. तिने तरुणपणी ते दुसऱ्या नटाला दिले होते.

मग रोज सकाळी स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. मावशी वाटाणे सोलत बसायची आणि मामा ओट्याला टेकून गायचा. पहिल्या दिवसांत दर वेळी 'मुदत'च यायची.

"पहाट," मावशी म्हणायची. "पहाट, पहाट, पहाट. हातात ताट घेऊन उभी आहे असं समज, पण पहाट म्हण."

"ताई, इतकं बेचव आहे गं हे. तोंडात फिरतं."

"बेचव खा. जिवंत राहशील."

हळूहळू बसलं. शेवटच्या काही दिवसांत तर मी मध्येच मशीनवरून ओरडून विचारायचे, "भेटायाला कोण आलं?" आणि मामा दात घासता घासता म्हणायचा, "पहाट!" आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. वकील म्हणाला, मावशींना आणू नका, उगाच घाबरतील. मामाने ऐकलं नाही. "ती डाव्या हाताला नसली तर माझा आवाजच फुटत नाही," तो म्हणाला.

सुनावणीची खोली आमच्या कपडेपटापेक्षा लहान होती. लांब टेबल, त्यावर बशी झाकलेला पाण्याचा पेला, रंग फासलेली खिडकी, भिंतीला लोखंडी खुर्च्या. टेबलामागे सुनावणीचे साहेब, शेजारी टिपून घेणारी बाई, दाराशी एक शिपाई. साहेबांना सर्दी झाली होती आणि ते अतिशय सभ्य होते. मला अशा सभ्य माणसांची भीती वाटते. ते मामाला म्हणाले, "लहानपणी माझे वडील मला हे नाटक बघायला न्यायचे. तेव्हाचे नट वेगळे होते, पण गाणं मला अजून आठवतं. म्हणा आपण. अगदी रंगमंचावर म्हणता तसंच म्हणा."

मावशी मामाच्या डाव्या बाजूला जरा मागे बसली होती. दुसऱ्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण ती बरोबर तिथेच जाऊन बसली. मी तिच्या मागे होते.

मामाने खाकरून सुरुवात केली. पेटी नाही, उजेड नाही, अंगात घरचा शर्ट. तरी आवाज खणखणीत लागला. राणीसाहेब आल्या, त्या निजल्या, वकिलाने डोळे मिटून मान हलवली. काटा धरला. 'चावी धरतो उराशी' आलं. मामाने रिकामी मूठ छातीवर दाबली आणि तो थांबला.

रोज थांबायचा तसाच. पण रोज तिथे लोक असायचे. खुसखुस असायची, पेटीचा सूर असायचा. इथे काहीच नव्हतं. साहेबांनी पेन उचललं. टिपून घेणारी बाई वर बघायला लागली. ती शांतता इतकी लांबली की मला खुर्चीत बसवेना. आणि तेव्हा मावशीच्या तोंडून शब्द गेला. हळू, स्पष्ट, बरोबर मापाचा. विंगेतून जायचा तसा.

"मुदत."

मामाने तो घेतला. त्याने मान वळवली नाही, तो दचकला नाही, त्याने विचार केला नाही. भरल्या गळ्याने, पूर्ण आवाजात तो गायला: 'मुदत आली भेटायाला, तिला गाडली दाराशी!'

दारातला शिपाई हसला. अगदी खळखळून. बिचाऱ्याने लगेच तोंडावर हात दाबला, पण हसू निघून गेलं होतं. आणि ते हसू कानावर पडताच माझ्या मामाने, त्या जातिवंत नटाने, खांदे मागे टाकले आणि वन्समोअर घेतला. तीच ओळ, पुन्हा, आधीपेक्षा रंगवून. ती संपल्यावर त्याला आपण कुठे उभे आहोत ते कळलं.

वकिलाने कपाळावर हात मारला. साहेबांनी रुमालाने नाक पुसलं आणि ते म्हणाले, "आभारी आहे. आपण आमचं काम सोपं केलंत."

मावशी उठून उभी राहिली. "शब्द मी दिला," ती म्हणाली. "त्याला पहाटच म्हणायची होती. मी चुकीचा दिला. मला लिहून घ्या."

"बसा आजी," साहेब म्हणाले. "कलम गाणाऱ्याला आहे. सांगणाऱ्याला नाही."

त्यांनी खरोखरच तिचं काही लिहून घेतलं नाही. पुढे ती दोनदा त्या कार्यालयात गेली, मला पण आत टाका म्हणाली, आणि दोन्ही वेळा त्यांनी तिला पाणी देऊन परत पाठवलं. गुन्ह्यातसुद्धा प्रॉम्प्टरचं नाव नाही! मला त्या सभ्य माणसाचा गळा धरावासा वाटला होता आणि अजूनही वाटतो.

मामाला सहा वर्षांची शिक्षा झाली. थिएटरला कुलूप लागलं. मालक हाय खाऊन मुलीकडे राहायला गेले, मी कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायला लागले. मावशीने शब्द देणं सोडलं. डॉक्टर औषधाच्या नावावर अडले की ती जमिनीकडे बघत बसायची. मी स्वतः बोलताना अडखळले तरी तिचे ओठ हलायचे नाहीत. मी मुद्दाम अडखळून बघायचे. ती उठून आत जायची.

पहिल्या भेटीला आम्ही दोघी गेलो. मध्ये जाळी होती. मावशीने खुशालीसुद्धा विचारली नाही. "मला खरं सांग," ती म्हणाली. "तू तिथे थांबला होतास की विसरला होतास?"

"विसरलो होतो गं ताई," मामा म्हणाला. "साफ विसरलो होतो. डोक्यात नुसता अंधार. तू शब्द दिला नसतास तर तिथेच ततपप झालं असतं आणि तसाही अडकलोच असतो."

"खरंच?"

"तुझ्याशी कधी खोटं बोललोय का?"

पुढच्या वेळी मावशीचे गुडघे धरले होते म्हणून मी एकटीच गेले. मामा अर्धा झाला होता आणि खोकत होता. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग जाळीला तोंड लावून म्हणाला, "पहाट माझ्या जिभेवर होती. मी नुसता थांबलो होतो. सवय, दुसरं काय. आणखी एक क्षण गेला असता तर म्हणालो असतो."

"मग का नाही म्हणालास?"

"तिने दुसरा दिला ना," तो म्हणाला, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "तिने दिलेला शब्द मी कधी परत पाठवलाय? पण तिला हे कळता कामा नये. तिला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी सांगितलं नाही, तरी ते तोंड मला बघावं लागलं. दुसऱ्या हिवाळ्यात त्याचा खोकला छातीत उतरला आणि आम्हाला बोलावणं आलं ते थेट ताब्यात घ्यायला या म्हणून. सगळं आटोपल्यावर त्याच्या वस्तूंचं एक गाठोडं मिळालं. सुनावणीच्या दिवशीचा शर्ट, चष्मा आणि बूट.

ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोडलं. मावशीने शर्ट बाजूला केला, चष्मा बाजूला केला आणि बूट पुढे ओढले. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तू मला विचारायचीस ना, मला कसं कळायचं ते? तो खरंच विसरला की त्याची टाच उचलली जायची. एकाच पायाची. खिडकीबाहेर उभी असायचे तेव्हापासून बघत आलेय. थांबला असला की दोन्ही पाय जमिनीला घट्ट. त्याचं त्यालाही माहीत नव्हतं."

मी चष्मा शर्टाच्या खिशात ठेवला.

"त्या दिवशी मी बघितलं नाही," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पायाकडे न बघता शब्द दिला. त्या माणसाने पेन उचललं आणि मी पेनाकडे बघत राहिले. तू माझ्या मागेच होतीस. तुला त्याचे पाय दिसत होते. टाच उचलली होती का?"

मी त्या दिवशी पायांकडे बघितलंही नव्हतं. पण तो विसरला नव्हता हे मला माहीत होतं, त्याच्याच तोंडून.

"हो मावशी," मी म्हणाले. "उचलली होती. चांगली दिसली मला."

"कोणती?"

"उजवी."

मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला. लहानपणी मी नाटकात काम करायचा हट्ट धरला आणि तिने नको म्हटलं, तेव्हा फिरवला होता तसा.

"डावी उचलायचा तो," ती म्हणाली. "तुला रंगमंचावर उभी केली नाही ते बरंच झालं, पोरी."

आणि तिने फडकं घेऊन बूट पुसायला सुरुवात केली.